सही झाली, सांगायचं राहिलं

दारावर पाटी लटकत होती. ‘सर परगावी गेले आहेत. परतण्याची तारीख निश्चित नाही.’ अक्षर असं सुरेख, की वाचणाऱ्याला सर गेल्याचं वाईट वाटण्याआधी पाटीचं कौतुक वाटावं. बेलिफानं पाटीवरून सहज अंगठा फिरवला. अंगठा निळा झाला.

“शाई ओली आहे,” दारात उभ्या असलेल्या सरांच्या सूनबाईंना तो म्हणाला.

“हवा दमट आहे,” सूनबाई म्हणाल्या.

“सर कधी गेले?”

“पहाटे. म्हणजे काल पहाटे.”

तेवढ्यात आतून कपबशीचा आवाज आला.

“मांजर आहे,” सूनबाईंनी न विचारताच सांगून टाकलं.

“चहा घेतंय वाटतं,” बेलीफ म्हणाला. त्यानं डायरी काढली, तारीख आणि वेळ लिहिली. ‘प्रतिवादी घरी नसल्याचे सुनेने सांगितले. पाटीची शाई ओली.’ मग डायरी मिटून तो जिना उतरला. ही त्याची दुसरी खेप होती.

दिवाणी न्यायालयाची समन्सं लोकांच्या हातात नेऊन द्यायची, हे बेलिफाचं काम. गेली एकतीस वर्षं तो तेच करत होता आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता. न्यायालयात त्याला सगळे ‘गोचीड’ म्हणत, आणि त्याला ते पदक मिळाल्यासारखं वाटे. एका ठेकेदाराला त्यानं दातांच्या दवाखान्यात गाठलं होतं. डॉक्टरांनी तोंडात दोन नळ्या घातलेल्या, त्यामुळे ठेकेदाराला नाही म्हणता आलं नव्हतं. दुसरा एक गृहस्थ समन्स टाळायला झाडावर चढून बसला, तर बेलिफानं खाली सतरंजी टाकून पेपर वाचायला घेतला. पावणेदोन तासांनी गृहस्थ स्वतःच उतरला आणि पेन मागू लागला.

त्याचे नियम तीन होते. समन्स द्यायचं त्या घरचं पाणी प्यायचं नाही. समन्सासोबतचा दाव्याचा कागद वाचायचा नाही, कारण वाचला की माणूस बाजू घेतो. आणि आपण कोण, कशासाठी आलोय, हे समोरच्याला स्पष्ट सांगितल्याशिवाय काम पुरं झालं असं धरायचं नाही.

हे कसब तू कुठे शिकलास, असं कुणी विचारलं की तो हौसेनं सांगे. लहानपणी त्याची धाकटी बहीण हस्ताक्षराच्या वर्गाला जायची वेळ झाली की लपून बसायची. कधी पलंगाखाली, कधी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, एकदा तर कपड्यांच्या पेटीत. वडील हाक मारत, “शोध रे तिला!” आणि तो पाच मिनिटांत तिला बखोटीला धरून हजर करी. “तिथून सुरुवात झाली बघा,” असं म्हणून तो हसे, आणि ऐकणारेही हसत.

ही धाकटी आता एक्कावन्न वर्षांची होती. तिनं लग्न केलं नव्हतं. बेलिफाची बायको सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच भावंडं उरली होती आणि दिवसभर एकमेकांच्या चुका काढण्यात त्यांचा वेळ बरा जाई. धाकटी औषधाच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांचं कसलंही गिचमिड अक्षर ती एका नजरेत वाचायची. तिचं स्वतःचं अक्षर मात्र असं, की तिनं लिहिलेली वाणसामानाची यादी घेऊन बेलीफ दुकानात गेला की वाणी यादी उलटी धरून बघायचा आणि शेवटी म्हणायचा, “तुम्ही तोंडीच सांगा.”

“चार वर्षं हस्ताक्षराच्या वर्गाला जाऊन ही तऱ्हा,” बेलीफ म्हणे. “वडिलांनी उगाच घातलं तुला.”

“उगाचच घातलं,” धाकटी म्हणे, आणि विषय तिथेच संपे.

त्या दिवशी संध्याकाळी ती टेबलाशी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत होती. बेलिफाच्या रक्तदाबाच्या. बेलीफ अंगठ्यावरची शाई साबणानं घासत होता.

“तुझ्या जुन्या सरांकडे जाऊन आलो,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा.”

गोळ्यांचा आवाज थांबला. “कशाला?”

“समन्स आहे त्यांच्या नावानं.”

“कसलं?”

“मला काय माहीत? मी वाचतो का कधी? असेल काहीतरी भिंतीबिंतीचं भांडण. एवढा मोठा माणूस, आणि लपून बसलाय. मला तर त्यांचीच लाज वाटली.”

धाकटीनं डबी मिटली. मग म्हणाली, “वर्गाच्या खोलीला मागून जिना आहे. लोखंडी. स्वयंपाकघराच्या बाजूला उतरतो. पुढून कुणी आलं की मागून जाता येतं.”

“तुला बरं आठवतं?”

“सतरा पायऱ्या आहेत,” धाकटी म्हणाली.

बेलीफ खूश झाला. इतक्या वर्षांत बहिणीनं त्याच्या कामात पहिल्यांदाच रस घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो त्या लोखंडी जिन्याखाली जाऊन उभा राहिला. दोन तास उभा होता. पायऱ्या खरंच सतरा होत्या. तेवढ्या वेळात वरून एक बादली पाणी, एक उशीचा अभ्रा आणि सूनबाईंचं “कोण आहे तिकडे?” एवढं खाली आलं. सर पुढच्या दारानं निघून गेले.

“दिलंस का?” घरात पाऊल टाकायच्या आत धाकटीनं विचारलं.

“पुढून गेले.”

“तुला गोचीड म्हणतात ना? मग?”

“गोचिडाला दोन दारं एकदम धरता येत नाहीत.”

एरवी ती यावर हसली असती. त्या दिवशी तिनं भावापुढं ताट ठेवलं आणि आत निघून गेली. बेलीफ एकटाच जेवला आणि भाजीत मीठ कमी आहे हे कुणाला सांगावं ते त्याला कळेना.

शुक्रवारी न्यायालयात नाझरानं त्याला बोलावलं. नाझर म्हणजे सगळ्या बेलिफांचा साहेब. दाताखाली सतत पेन्सिल धरणारा, सज्जन पण तक्रारखोर माणूस. त्याच्या टेबलासमोर वादीची वकीलबाई बसली होती. तिशीतली, डोक्यावरचं हेल्मेट मांडीत घेतलेली.

“महिनाअखेर मंगळवारी आहे,” ती म्हणत होती. “नव्या कायद्यानं इतक्या जुन्या दाव्यांना एक वर्ष दार उघडून दिलंय. ते मंगळवारी बंद होणार. तोवर समन्स बजावलं नाही तर दावा काढून टाकतील आणि पुन्हा करता येणार नाही.”

“दाराला डकवून टाकू,” नाझर म्हणाला.

“त्याला वेगळा हुकूम लागतो. अर्ज केलाय, तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली.”

“एवढं जुनं प्रकरण, बाई. मग पोलिसांत का नाही गेलात?”

बेलिफानं ओळखलं, की आता दाव्यातला मजकूर निघणार. त्यानं खिडकीकडे तोंड केलं आणि गुणगुणायला सुरुवात केली. पण गुणगुणताना सूर सापडायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात कानांवर पडायचं ते पडतंच.

“गेलो होतो. चाळीस वर्षांनी पुरावा कुठला, म्हणून फाइल बंद झाली. फौजदारीत जराशी शंका उरली तरी आरोपी सुटतो. लहान मुलीवर बंद खोलीत झालेला लैंगिक अत्याचार, त्याला शंका न उरेल असा पुरावा आज कुठून आणायचा? दिवाणीत दोन्ही बाजू तोलून कुणाचं जास्त खरं वाटतं ते बघतात. आणि फौजदारी खटला सरकारचा असतो, तिथे ती नुसती साक्षीदार. हा दावा तिचा स्वतःचा आहे. कुठवर न्यायचा, कुठे थांबायचं, ते तीच ठरवणार.”

“नाव दिसत नाही कागदावर.”

“न्यायाधीशांच्या परवानगीनं झाकलंय. कागदोपत्री ती ‘क्ष’.”

“आणि मागतेय काय?”

“भरपाई आहे. पण तिची पहिली मागणी वेगळी आहे. त्यानं काय केलं ते त्यानं लिहून द्यायचं. टाइप करून नाही. स्वतःच्या अक्षरात.”

नाझरानं तोंडातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. बेलिफाचं गुणगुणणं कधीच थांबलं होतं.

“ऐकलंत ना?” वकीलबाई त्याला म्हणाली.

“मी मजकूर ऐकत नसतो,” बेलीफ म्हणाला. “मंगळवारच्या आत देतो.”

घरी जाताना तो रोजच्या वळणावर वळायचं विसरला आणि दोन चौक पुढे गेला. त्याच्या डोक्यात काहीतरी वर येऊ बघत होतं, आणि तो ते दोन्ही हातांनी खाली दाबत होता. एकतीस वर्षं कागद न वाचता वाटल्यामुळे न बघण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेव्हा त्यानं याही वेळी बघितलं नाही.

“रविवारी त्याचा सत्कार आहे,” धाकटीनं सांगितलं. दुकानात कुणीतरी पत्रिका ठेवून गेलं होतं. “वर्गाला पन्नास वर्षं झाली म्हणून. नगरभवनात, चार वाजता. तिथे जा. बाकी सगळीकडून पळेल, सत्काराला न जाणारा माणूस नाही तो.”

सरांना अरेतुरे करतेस, असं बेलिफाच्या अगदी ओठांवर आलं. ते तिथेच राहिलं.

“जातो,” तो म्हणाला.

रविवारी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला आणि साडेतीनलाच नगरभवन गाठलं. दाराशी सरांच्या कित्त्याची नवी आवृत्ती मांडली होती. त्यानं एक प्रत घेतली आणि समन्स तिच्यात घालून ठेवलं. सभागृह गच्च भरलं होतं. अर्ध्या शहराच्या सह्या सरांनी घडवल्या होत्या. बँकेचे व्यवस्थापक, शाळांचे मुख्याध्यापक, मेलेल्यांचे दाखले लिहिणारा कारकून, सगळे एकमेकांना आपापल्या वेलांट्या दाखवत होते. व्यासपीठावर फुलांच्या ढिगामागे सर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गोरेपान, गुळगुळीत, परगावी गेल्याचं कुठलंही चिन्ह चेहऱ्यावर नसलेले.

सूत्रसंचालकानं परिचय करून द्यायला पंचवीस मिनिटं घेतली. सरांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, राहत्या घराचा पत्तासुद्धा. बेलीफ मांडीवर समन्स उलगडून एकेका तपशिलावर पेन्सिलीनं टिक करत होता. समन्स बजावताना प्रतिवादीची ओळख कुणी पटवली हे अहवालात लिहावं लागतं. इतकी शिस्तशीर ओळख त्याला आजवर कुणी पटवून दिली नव्हती.

मग सूत्रसंचालकानं जाहीर केलं, “ज्यांना कित्त्यावर सरांची स्वाक्षरी हवी असेल त्यांनी रांगेत यावं.”

बेलीफ रांगेत उभा राहिला. पुढे बावीस जण होते. आपली पाळी आल्यावर त्यानं कित्ता उघडला, त्यातलं समन्स आणि पोच-प्रत सरांसमोर धरली आणि ठरलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. नेमका त्याच क्षणी कुणा माजी विद्यार्थ्यानं सरांच्या गळ्यात हार घातला, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि सरांनी मान वर न करता, हार सावरत, पोच-प्रतीवर लिहून टाकलं, ‘सस्नेह आशीर्वाद’. खाली ती प्रसिद्ध सही, शेपटीसकट. “पुढचे,” ते म्हणाले.

बेलीफ चार पायऱ्या उतरून खाली आला. समन्साची प्रत सरांच्या टेबलावर होती, पोच त्याच्या हातात. सही झाली होती, आशीर्वादही मिळाला होता. एकतीस वर्षांत त्यानं खूप काही मिळवलं होतं, शिव्या, धक्के, एकदा अंगावर सोडलेलं कुत्रं. आशीर्वाद पहिलाच. त्याला हसू फुटलं. दाराकडे जाता जाता ते हसू हळूहळू आंबट झालं.

कारण त्यानं सांगितलंच नव्हतं. तिसरा नियम. उद्या सरांचा वकील उभा राहून विचारणार, ‘आपण कोण, कशासाठी आलात, हे माझ्या अशिलाला सांगितलंत का?’ आणि बेलिफाला खोटं बोलता येत नव्हतं. हा गुण नव्हता, अडचण होती. मग त्या ‘क्ष’चं दार मंगळवारी बंद होणार. पण आता परत वर जायचं, भरसभेत, म्हाताऱ्या माणसाला? कार्यक्रम संपू दे, मग सांगू, असं त्यानं ठरवलं आणि तो भिंतीला टेकला.

“आणि आता,” सूत्रसंचालक म्हणाला, “सर प्रात्यक्षिक दाखवणार आहेत! वर्गातली सगळ्यात छोटी विद्यार्थिनी कुठे आहे? अरे, कुठे गेली?”

व्यासपीठावर फळा आणला होता. विद्यार्थिनी जागेवर नव्हती. शोधाशोध झाली. मग एक बाई पडद्याजवळ गेल्या, खाली वाकल्या आणि तिथून सातआठ वर्षांच्या एका मुलीला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या.

“सापडली!” बाई ओरडल्या. “दर वेळी लपते लबाड!”

सगळं सभागृह हसलं. एरवी बेलीफ सगळ्यांत मोठ्यानं हसला असता. ही तर त्याचीच गोष्ट होती, शंभरदा सांगितलेली.

पण त्याला मुलीचे पाय दिसले. ती ओढली जात होती आणि टाचा रोवत होती. अगदी तशाच टाचा, गच्चीच्या जिन्यावर, टाकीपासून खालपर्यंत. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि त्याला वाटत होतं, की बहीण आळशी आहे. मुलगी फळ्याशी पोचली. सर प्रेमळ हसले, तिच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, “हात असा सैल सोडायचा. मी धरतो, तू नुसती चाल.”

दोन्ही हातांनी दाबून ठेवलेलं ते एकदम वर आलं. आपण काय केलं ते बेलिफाला कळलं. इतकी वर्षं तो ज्याचं कौतुक सांगत फिरत होता ते कळलं. त्याला भिंत धरावी लागली. मग त्यानं भिंत सोडली.

तो चार पायऱ्या कधी चढला ते त्याचं त्यालाच आठवत नाही. सूत्रसंचालकाला वाटलं, आणखी एक भारावलेला पालक. त्यानं कौतुकानं माइक पुढे केला. “या, या! मनोगत व्यक्त करा. दोनच शब्द हं.”

बेलिफाचा मनोगत व्यक्त करण्याचा कुठलाच विचार नव्हता. पण त्याला एकच भाषण पाठ होतं, आणि ते त्यानं खड्या आवाजात, जसं दारोदार म्हणतो तसंच म्हटलं.

“मी दिवाणी न्यायालयाचा बेलीफ. आपण या दाव्यातले प्रतिवादी. हे आपल्या नावाचं समन्स. दाव्याची नक्कल सोबत जोडली आहे. दिलेल्या तारखेला सकाळी साडेदहा वाजता स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावं. न राहिल्यास दावा आपल्या गैरहजेरीत चालेल.”

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला. नगरभवनाचा माइक एरवी कुणालाच ऐकू येत नसे.

सरांनी मुलीचा हात सोडला. मुलगी वाऱ्यासारखी आईकडे पळाली.

“हे... हे कार्यक्रमानंतर बघू,” सर म्हणाले. “सही वगैरे नंतर.”

“सही मघाशीच झाली,” बेलीफ म्हणाला. “सांगायचं तेवढं राहिलं होतं.”

टेबलावरचा कागद सरांनी उचलला आणि पहिलं पान वाचलं. त्यांचं ते गुळगुळीत तोंड कागदासारखं चुरगळलं. सभागृहात कुणीतरी खोकलं. तिसऱ्या रांगेत एक पन्नाशीची बाई उठून उभी राहिली, नुसतीच उभी राहिली. तिच्या मागे आणखी एक. या का उभ्या राहिल्या ते सूत्रसंचालकाला कळेना, त्यामुळे त्यानं गोंधळून जाहीर केलं, “चहाची व्यवस्था बाहेर केली आहे.”

बेलीफ चहा न घेता निघाला. समन्साच्या घरचं तो काही घेत नसे.

घरी धाकटी दारातच होती. “दिलंस?”

“दिलं.”

ती खुर्चीवर बसली. बेलीफ समोर उभाच राहिला. त्याला बसायचा अधिकार नाही असं वाटत होतं.

“मी तुला शोधून काढायचो,” तो म्हणाला. “दर वेळी.”

“हो.”

“आणि हसायचो. सगळ्या जगाला सांगायचो.”

“मला फार राग यायचा त्या गोष्टीचा,” धाकटी म्हणाली. “तू ती सांगायला लागलास, की मी उठून भांडी घासायला जायचे. तुझ्या लक्षात नाही आलं?”

“मला वाटायचं, तुला स्वच्छतेची आवड आहे.”

ती हसली, डोळे भरलेले असतानाच हसली. बेलिफाला हसावं की रडावं ते समजेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं आणि दोन्ही नीट जमलं नाही.

“तू सांगितलं का नाहीस?”

“अकरा वर्षांची पोर काय सांगणार? बाबांना सुरेख अक्षर हवं होतं. मग मी अक्षरच बिघडवलं. मुद्दाम. रोज थोडं थोडं. चार वर्षांनी बाबा कंटाळले आणि नाव काढलं.” नाक पुसून ती म्हणाली, “पण एकदा तू मला सोडलंस, दादा. टाकीमागे होते मी. तू मला बघितलंस. आपली नजरानजर झाली. आणि खाली जाऊन बाबांना म्हणालास, सापडत नाही.”

बेलिफाला तो दिवस लख्ख आठवला. खोटं बोलता येत असतं तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

“त्या दिवशी मित्रांबरोबर सिनेमाला जायचं होतं,” तो म्हणाला. “तुला वर्गाला सोडायला गेलो असतो तर सुरुवात चुकली असती.”

“माहीत आहे मला,” धाकटी म्हणाली. “तरी. तेवढा एक दिवस माझा नीट गेला ना.”

मग नाझराच्या टेबलापाशी कानांवर पडलेलं सगळं बेलिफानं तिला सांगितलं. तिनं विचारलं, “ती क्ष कोण आहे?”

“माहीत नाही. नाव झाकलंय.”

“एकटीच आहे का ती?”

“कागदावर तर एकटीच आहे.”

“वकीलबाईंचा फोन नंबर दे,” धाकटी म्हणाली, आणि गोळ्यांच्या डबीच्या झाकणावर तिनं तो आपल्या अक्षरात लिहून घेतला.

‘सस्नेह आशीर्वाद’ लिहिलेली पोच-प्रत बघून नाझरानं तीनदा चष्मा पुसला. सरांच्या वकिलानं हरकत घेतलीच, की माझ्या अशिलाला ती स्वाक्षरीची वही वाटली. न्यायाधीशांनी बेलिफाला विचारलं. बेलिफानं घडलं ते सगळं सांगितलं, सहीआधी सांगायचं राहिलं होतं हेसुद्धा. “मग सांगितलं कधी?” “लगेच नंतर, साहेब. माइकवरून.” “साक्षीदार?” “अंदाजे चारशे.” न्यायाधीशांनी मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. हरकत फेटाळली गेली आणि दावा चालू राहिला.

दोन महिन्यांनी नाझरानं त्याच्यासमोर एक समन्स ठेवलं. साक्षीदाराचं होतं, वादी ‘क्ष’च्या बाजूनं.

“पत्ता तुझाच आहे,” नाझर पेन्सिल न चावता म्हणाला. “दुसऱ्या कुणाला पाठवू का?”

“नको,” बेलीफ म्हणाला. “तो भाग माझ्याच हद्दीत येतो.”

खिशात किल्ली असून त्यानं घराची बेल वाजवली. दोन पावलं मागे सरकून, टोपी सारखी करून उभा राहिला. धाकटीनं दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि तीही सरळ उभी राहिली.

“मी दिवाणी न्यायालयाचा बेलीफ,” त्यानं सुरुवात केली. “आपण या दाव्यातल्या साक्षीदार.” सबंध वाक्य त्यानं म्हटलं, एकही शब्द न गाळता. फक्त ‘हजर राहावं’पाशी जरा थांबावं लागलं.

धाकटीनं कागद भिंतीवर टेकवला आणि पोच-प्रतीवर सही केली. पूर्ण नाव लिहिलं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं. वेळ घेऊन, वेडंवाकडं, तिच्या नेहमीच्या अक्षरात.

बेलिफानं प्रत जवळ धरली, लांब धरली. “अक्षर लागत नाही,” तो म्हणाला.

“असू दे. कोर्टात मी वाचून दाखवीन,” धाकटी म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात, “पाणी देऊ?”

“समन्साच्या घरचं घेत नाही.”

“बरं.”

तो जिना उतरला, फाटकापर्यंत गेला, फाटकाला हात लावून परत फिरला आणि जिना चढून पुन्हा दारात आला. धाकटी पेला भरून उभीच होती. तो सगळं पाणी एका दमात प्यायला आणि टेबलाशी बसून अहवाल भरू लागला. ‘ओळख कोणी पटवली’ या रकान्यापाशी पेन थांबलं. शेवटी त्यानं ‘भाऊ’ एवढंच लिहिलं. ‘इसम कोठे व कसा सापडला’ या रकान्यात मात्र त्याचा हात अडखळला नाही.

‘साक्षीदार स्वतः दारात हजर होती,’ त्यानं लिहिलं. ‘शोधावे लागले नाही.’